भाग, भाव आणि मुदत : शेअर बाजाराच्या परिभाषेचा आढावा

मार्च २०२० मध्ये आपल्या देशात डीमॅट खाती सुमारे चार कोटी होती. पुढील चार वर्षांत त्यांची संख्या पंधरा कोटींच्या वर गेली. बचत म्हणजे पोस्टाचे पासबुक, बँकेतील मुदत ठेव, विम्याची पॉलिसी आणि लग्नकार्यापुरते सोने, अशी समजूत ज्या समाजात तीन-चार पिढ्या दृढमूल होती, त्या समाजातील शिक्षक, कारकून, निवृत्त तलाठी आणि शहरात नोकरीस लागलेली शेतकऱ्यांची मुले इतक्या अल्प अवधीत या बाजारात येऊन दाखल व्हावीत, ही आपल्या आर्थिक इतिहासात नोंद घेण्याजोगी घटना होय. परंतु खाते उघडण्याचा विधी जितका सुलभ झाला आहे, तितके त्या बाजाराच्या भाषेचे ज्ञान सुलभ झालेले नाही. नवख्या माणसाच्या कानांवर लिमिट, मार्जिन, बोनस, पुट, सर्किट, स्टॉप लॉस असे शब्द एकाच वेळी येऊन आदळतात आणि ते सर्व एकाच जातीचे, एकाच योग्यतेचे व सर्वांनाच सारखे आवश्यक आहेत, असा त्याचा ग्रह होऊन बसतो.

या परिभाषेचे लहानमोठे कोश पुष्कळ झाले आहेत. तथापि अकारविल्हे लावलेल्या कोशात समभाग आणि पुट ऑप्शन शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांच्यातील जमीन-अस्मानाचे अंतर वाचकाला दिसत नाही. माझ्या मते या बाजारातील बहुतेक सर्व शब्दांची वर्गवारी तीन प्रश्नांनी होते : हा शब्द कशाच्या मालकीविषयी आहे काय, भाव कसा ठरतो याविषयी आहे काय, की कोणी कोणाला कोणत्या दिवशी काय देणे लागतो, म्हणजे मुदतीच्या करारमदाराविषयी आहे काय? नवख्या गुंतवणूकदाराचे फार मोठे नुकसान झाल्याचे जे दाखले मिळतात, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी हीच एक गोष्ट असते, की तिसऱ्या जातीची वस्तू त्याने पहिल्या जातीची समजून घेतलेली असते.

प्रारंभ भागापासून केला पाहिजे. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती होय. तिचे भांडवल समान हिश्शांत विभागलेले असते आणि त्यातील एक हिस्सा म्हणजे समभाग, म्हणजेच शेअर. तो ज्याच्या नावे आहे त्याला कंपनीच्या सर्वसाधारण सभेत मत देता येते, संचालकांनी शिफारस केलेला लाभांश मिळतो, आणि कंपनी मोडली तर सर्व देणी भागल्यावर जे काही उरेल त्यात वाटा मिळतो. 'सर्व देणी भागल्यावर' ही अट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कामगार, बँका, कर्जरोखेधारक आणि सरकारी वसुली या सर्वांच्या मागे रांगेत शेवटी समभागधारक उभा असतो, आणि अनेकदा त्याच्या हाती काहीच लागत नाही. उलट, कर्जरोखा घेणारा मालक नसून सावकार असतो. त्याचे व्याज ठरलेले, मुद्दल परत करण्याची तारीख ठरलेली आणि कंपनीच्या भरभराटीत त्याचा वाटा शून्य. मालकाने पत्करलेल्या या जोखमीच्या मोबदल्यात कायद्याने त्याला एक मोठे संरक्षण दिले आहे. हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने आलेल्या मर्यादित जबाबदारीच्या तत्त्वानुसार भागाची पूर्ण रक्कम भरली की कंपनीच्या कर्जासाठी धारकाच्या घरादारावर जप्ती येऊ शकत नाही. हे संरक्षण नसते, तर परक्याच्या उद्योगात सामान्य माणसाने पैसा घालण्याचे धाडस क्वचितच केले असते.

ते धाडस केवढे रूप घेऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या भांडवलदारांकडून अनुकूल प्रतिसाद मिळेना, तेव्हा १९०७ साली स्वदेशीच्या ऐन भरात त्याचे भाग येथील जनतेपुढे विक्रीस ठेवण्यात आले. सकाळपासून मुंबईतील टाटांच्या कचेरीपुढे गर्दी लोटली, आणि सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांच्या आत भांडवल उभे करून दिले. कंपनी स्वतः लोकांना भाग विकते आणि पैसा उद्योगाच्या तिजोरीत जातो, तो हा प्राथमिक बाजार. आज त्यालाच सर्वत्र आयपीओ म्हणतात. परंतु आजच्या आयपीओत एक भेद असतो, आणि जाहिरातीत तो ठळक अक्षरांत नसतो. काही विक्री नव्या भागांची असते, तिचा पैसा कंपनीला मिळतो. आणि काही विक्री प्रवर्तकांच्या किंवा जुन्या भांडवलदारांच्या हातातील भागांची असते, तिला ऑफर फॉर सेल म्हणतात, आणि तिचा पैसा त्या विकणाऱ्यांच्या खिशात जातो. दुसरा प्रकार बेकायदा नाही, सर्वथा निंद्यही नाही. परंतु जो जाणकार धनी आपला हिस्सा विकून बाहेर पडत आहे, तो कोणत्या भावाने पडत आहे, हे विचारण्याचा हक्क आत शिरणाऱ्याने बजावला पाहिजे. अर्ज करताना रक्कम बँकेतील स्वतःच्याच खात्यात अडवून ठेवली जाते आणि भाग मिळाले तरच ती वळती होते; मागणी फार झाली तर किरकोळ अर्जदारांना सोडतीने एकेक लॉट, म्हणजे भागांचा किमान गट, मिळतो. त्यामुळे भाग न मिळाल्यास दलालाला बोल लावण्याचे कारण नाही.

भागावर छापलेले जे मूल्य, ते दर्शनी मूल्य, आणि बाजारात जे मिळते ते बाजारमूल्य. या दोहोंचा परस्परांशी जवळजवळ काहीच संबंध उरत नाही. याहून घातक समजूत अशी, की वीस रुपयांचा शेअर स्वस्त आणि वीस हजारांचा महाग. टायर बनविणाऱ्या एमआरएफ कंपनीच्या दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरने जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचा मोठा डांगोरा पिटला. वस्तुतः त्या कंपनीचे एकूण भाग अवघे सुमारे बेचाळीस लाख चाळीस हजार आहेत. तिने आपले भाग कधीच लहान तुकड्यांत फोडले नसल्याने एकेका भागाची किंमत फुगलेली दिसते. भागांची एकूण संख्या गुणिले भाव केला की जे बाजार भांडवल निघते, ते त्या दिवशी सुमारे बेचाळीस हजार कोटी रुपये होते. आणि ज्या कित्येक कंपन्यांचा शेअर दोन-चारशे रुपयांना मिळतो, त्यांचे बाजार भांडवल याच्या कित्येक पट असते. स्वस्त-महागाचा विचार नफ्याशी तुलना करूनच होऊ शकतो. वर्षाचा निव्वळ नफा भागांच्या संख्येने भागला की प्रतिभाग मिळकत, आणि भावाला त्या मिळकतीने भागले की किंमत-मिळकत गुणोत्तर, ज्याला सर्वत्र पीई म्हणतात, ते मिळते. हे गुणोत्तर उपयुक्त खरे. पण ते ज्या ताळेबंदावर उभे असते, तो ताळेबंद खरा आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी लिहिलेल्या पत्रात कबुली दिली, की ताळेबंदात दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअरचा भाव सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांपर्यंत कोसळला. आदल्या दिवशीपर्यंत त्या कंपनीचे पीई ज्यांनी अभ्यासपूर्वक काढले होते, त्यांचे गणित चुकलेले नव्हते. आकडेच खोटे होते.

आता भावाकडे वळू. एकाने दुसऱ्याकडून घेतलेला भाग तिसऱ्याला विकणे, हा दुय्यम बाजार होय, आणि त्याचे आपल्याकडील आद्यपीठ म्हणजे दलाल स्ट्रीट. १८५० च्या दशकात मुंबईच्या टाऊन हॉलसमोरील वडाखाली जमणाऱ्या मूठभर दलालांनी १८७५ साली एक रुपया प्रवेश फी ठेवून आपली संघटना उभारली. तीच आजची बीएसई. येथे पूर्वी सौद्याच्या रिंगणात दलाल हातवारे करीत, मोठ्याने भाव पुकारीत, आणि सौदे छोट्या वहीत टिपून घेत. ग्राहकाला आपला सौदा नेमक्या कोणत्या भावाला झाला हे दलालाच्या सांगण्यावरूनच समजे, आणि दिवसभरातल्या सर्वांत चढ्या भावाची खरेदी व सर्वांत उतरत्या भावाची विक्री नेमकी आपल्याच वाट्याला कशी येते, याचे कोडे अनेकांना आयुष्यभर उलगडत नसे. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, पडद्यावरील व्यवहार सुरू केले, आणि पुढील वर्षी बीएसईनेही तो मार्ग धरला. सामान्य ग्राहकावर याहून मोठा उपकार या बाजारात दुसरा झालेला नाही, असे मला वाटते. सौद्याची वेळ आणि भाव आता सेकंदापर्यंत नोंदलेले असतात, आणि दलालाने पाठविलेली कॉन्ट्रॅक्ट नोट पडताळून पाहता येते.

पडद्यावर भाव कसा ठरतो हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका शेअरचे विक्रेते असे उभे आहेत : ४० शेअर २५०.१० रुपयांना, ६० शेअर २५०.४० रुपयांना आणि २०० शेअर २५१.५० रुपयांना. शेवटचा सौदा २५० रुपयांना झालेला असल्याने पडद्यावर ठळक आकडा २५० असा दिसतो. नवखा माणूस २०० शेअरांची मार्केट ऑर्डर घालतो, म्हणजे 'मिळेल त्या भावाने घ्या' असे सांगतो. त्याला पहिले ४०, नंतरचे ६० आणि उरलेले १०० शेअर २५१.५० रुपयांनी मिळतात. एकूण ५०,१७८ रुपये लागतात, आणि सरासरी भाव २५०.८९ पडतो. मोठ्या कंपनीत हा फरक किरकोळ असतो, पण ज्या शेअरची दैनंदिन उलाढाल अल्प आहे तेथे विक्रेत्यांच्या भावांत इतके अंतर असते, की एका घाईच्या ऑर्डरीत चार-पाच टक्के सहज जातात. लिमिट ऑर्डरमध्ये 'याहून अधिक भाव देणार नाही' अशी मर्यादा घातलेली असते. ती पुरी होईलच असे नाही, पण झाली तर आपल्या शब्दाबाहेर होत नाही. घेणाऱ्याचा सर्वांत चढा भाव आणि विकणाऱ्याचा सर्वांत उतरता भाव यांतील अंतराला स्प्रेड म्हणतात, आणि त्या अंतरावरून शेअर किती चालता आहे याची परीक्षा होते. स्टॉप लॉस ही ठरावीक पातळीला भाव पोहोचला की जागी होणारी ऑर्डर. ती तोटा मर्यादित करते असे सर्रास सांगितले जाते, परंतु बाजार उघडतानाच भाव त्या पातळीच्या पुष्कळ खाली गेलेला असेल, तर लिमिट न घातलेली स्टॉप लॉस ऑर्डर मिळेल त्या खालच्या भावाने विकून मोकळी होते, आणि लिमिट घातलेली ऑर्डर विक्री न होताच पडून राहते.

भाव एका दिवसात किती हलू द्यावा यास मर्यादा असतात, त्यांस बोलीभाषेत सर्किट म्हणतात. बहुतेक शेअरांना दोन, पाच, दहा किंवा वीस टक्क्यांचे सर्किट असते. लोअर सर्किट लागले की विकणारे असंख्य व घेणारा कोणी नाही अशी स्थिती होते, आणि हातातील शेअर कागदोपत्री किंमत राखूनही पैशात रूपांतरित करता येत नाही. ज्या शेअरांत वायदे, म्हणजे ज्यांचा विचार पुढे येईल ते मुदतीचे सौदे, चालतात त्यांना असे ठाम सर्किट नसते. सत्यमचा भाव एका दिवसात इतका खचू शकला तो याच कारणाने. संपूर्ण बाजारासाठी निर्देशांकाच्या दहा, पंधरा आणि वीस टक्के हालचालींवर व्यवहार थांबविण्याची स्वतंत्र तजवीज आहे. २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या भीतीने ती अमलात आली, आणि व्यवहार पुन्हा सुरू झाल्यावरही त्या दिवशी बीएसईचा निर्देशांक सेन्सेक्स एकूण सुमारे तेरा टक्के घसरला.

निर्देशांकाविषयी थोडक्यात एवढेच, की १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झालेला सेन्सेक्स हा तीस कंपन्यांचा असून १९७८-७९ हे वर्ष शंभर धरून मोजला जातो. एनएसईचा निफ्टी पन्नास कंपन्यांचा आहे. दोन्हींत कंपनीचे वजन ठरते ते प्रवर्तकांकडील भाग वगळून उरलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष बाजारात फिरणाऱ्या, भागांच्या मूल्यावरून. यास्तव सेन्सेक्स वाढला असता आपल्या हातातील शेअर घसरावा यात विसंगत असे काही नाही, कारण चार-दोन बलाढ्य बँका वर गेल्या तरी आकडा वर जातो.

सौदा झाला म्हणजे व्यवहार पुरा झाला असे मात्र नव्हे. पैसा एका हातातून आणि भाग दुसऱ्या हातातून प्रत्यक्ष पोहोचणे यास पटावट किंवा सेटलमेंट म्हणतात, आणि येथून मुदतीचा प्रांत सुरू होतो. कागदी प्रमाणपत्रांच्या काळात ट्रान्सफर डीडवरील सही कंपनीच्या दप्तरातील सहीशी जुळली नाही, की ती बॅड डिलिव्हरी म्हणून परत येई. मध्यमवर्गीय घरांतील कित्येक कपाटांत असे परत आलेले कागद वर्षानुवर्षे पडून राहिले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने एनएसडीएल आणि नंतर सीडीएसएल या संस्थांकडे भाग कागदाऐवजी नोंदीच्या रूपाने राहू लागले, यालाच डीमॅट म्हणतात. दलाल केवळ खाते चालवितो, भाग त्याच्या मालकीत येत नाहीत. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे विक्रीद्वारा हस्तांतर बंदच झाले आहे. पटावटीची मुदतही क्रमाने घटत गेली. २००३ साली ती सौद्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांवर आली आणि जानेवारी २०२३ अखेर एका दिवसावर. घेणारा व विकणारा यांच्यामध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असल्याने समोरचा माणूस बुडाला तरी आपला सौदा बुडत नाही. विकणाऱ्याने भाग दिलेच नाहीत, तर तो सौदा ऑक्शनला, म्हणजे लिलावाला, जातो आणि दंडाचा बोजा त्याच्यावर पडतो. याच संदर्भात दलालास लिहून दिल्या जाणाऱ्या मुखत्यारपत्राचा उल्लेख केला पाहिजे. त्याच्या आधारे ग्राहकांचे भाग परस्पर गहाण टाकल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२ साली त्याऐवजी मर्यादित अधिकाराचा डीडीपीआय हा दस्तऐवज आणला. जुने मुखत्यारपत्र ज्यांनी दिले असेल, त्यांनी ते रद्द करून घ्यावे.

मुदतीचा सौदा म्हणजे आज भाव ठरवून देणे-घेणे पुढील तारखेला करण्याचा करार. मुंबईला याचा पहिला दारुण अनुभव आला तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाल्यामुळे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशाचा पूर लोटला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या आणि बँका रोज जन्मास येऊ लागल्या, आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या बड्या दलालांच्या शब्दावर भाव चढू लागले. असंख्य लोकांनी १ जुलै १८६५ या मुदतीचे सौदे करून ठेवले होते. एप्रिलात युद्ध संपले, कापूस उतरला. आणि ती तारीख उजाडली तेव्हा कोणापाशीच द्यायला पैसा नव्हता. एके काळी २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. ज्यांनी भाग पूर्ण पैसे देऊन घेऊन ठेवले होते त्यांचे नुकसान झाले, पण ते भागापुरते. ज्यांनी मुदतीवर शब्द दिला होता त्यांचे घरदार गेले. हा भेद दीडशे वर्षांनंतरही तसाच कायम आहे.

दलाल स्ट्रीटवर याच सौद्यांचे एक देशी रूप कित्येक दशके नांदले, ते म्हणजे बदला. पटावटीच्या दिवशी पैसे नसलेला तेजीवाला सावकाराला व्याज देऊन आपला सौदा पुढल्या पटावटीवर ढकली. आणि भाग हाती नसताना विकून बसलेला मंदीवाला अडचणीत आला, तर उलट त्यालाच भुर्दंड भरावा लागे, त्याला उंधा बदला म्हणत. १९८२ साली रिलायन्सच्या शेअरवर मंदीवाल्यांनी मोठी विक्री केली, खरेदीदारांनी पटावटीच्या दिवशी सौदा पुढे ढकलण्यास नकार देऊन प्रत्यक्ष भाग मागितले, आणि भागच न मिळाल्यामुळे अखेर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. स्वतःपाशी नसलेली वस्तू विकण्यात, म्हणजे शॉर्ट सेलिंगमध्ये, तोट्याला वरची मर्यादा नसते. घेऊन ठेवलेल्या भागाचा भाव शून्याखाली जाऊ शकत नाही, पण विकून बसलेल्या भागाचा कितीही वर जाऊ शकतो. २००१ साली बदला बंद झाला, आणि त्याच सुमारास फ्युचर्स व ऑप्शन्स हे त्याचे नियमबद्ध वारस स्थापित झाले.

फ्युचर्स म्हणजे दोन्ही पक्षांवर बंधन असलेला वायदा. त्यासाठी पूर्ण रक्कम न भरता एक अंश भरावा लागतो, तोच मार्जिन. आणि त्याला अनेक लोक वस्तूची किंमत समजतात, वास्तविक ती तारण रक्कम असते. सेबीने २०२४ अखेर निर्देशांकाच्या नव्या करारांचे किमान मूल्य पंधरा लाख रुपये केले. समजा, पंधरा टक्के मार्जिन, म्हणजे सव्वादोन लाख, भरून एकाने असा करार घेतला आणि निर्देशांक पाच टक्के उतरला. तोटा पंचाहत्तर हजारांचा झाला, म्हणजे पाच टक्क्यांच्या उतारात त्याच्या रकमेचा तिसरा हिस्सा गेला. तो तोटा रोजच्या रोज खात्यातून वसूल होतो, त्यास मार्क टू मार्केट म्हणतात; आणि भरणा न केल्यास दलाल सौदा परस्पर मोडतो. ऑप्शनमध्ये घेणाऱ्यावर बंधन नसते, फक्त हक्क असतो : कॉलमध्ये ठरलेल्या भावाने घेण्याचा, पुटमध्ये विकण्याचा. त्यासाठी दिलेला प्रीमियम हीच त्याची कमाल हानी. ही कमाल हानी अल्प वाटते म्हणूनच आठवड्याच्या मुदतीचे ऑप्शन पुनःपुन्हा घेतले जातात, आणि मुदतीच्या दिवशी त्यांतील पुष्कळांची किंमत शून्यावर येते. कॉल विकणाऱ्याची हानी मात्र अमर्याद, आणि पुट विकणाऱ्याचीही प्रीमियमच्या कित्येक पट होऊ शकते. पिकाच्या भावाची किंवा मोठ्या गुंतवणुकीची हमी घेणाऱ्यास ही साधने अत्यंत उपयोगी आहेत, त्यांना जुगार म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत या प्रांतात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि सर्व व्यक्तींचा एकत्रित तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर गेला. मासिक पगारावर संसार चालविणाऱ्या माणसाने या प्रांतात जाण्याचे मला एकही कारण दिसत नाही, आणि त्याला तेथे जाण्याचा सल्ला देणारे जे लोक शिकवणी वर्ग चालवितात, त्यांच्याविषयी माझ्या मनात तीव्र संताप आहे. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याचा इंट्राडे व्यवहारही याच कुळातला. त्यातही २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जणांना तोटा झाल्याचे सेबीनेच दाखवून दिले आहे.

याउलट भागाच्या दीर्घकालीन मालकीचे फळ कसे असते, हे पाहावयाचे तर जळगाव जिल्ह्यातील अमळनेर गाव पाहावे. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने १९४५ साली तेथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला; तीच पुढे विप्रो झाली. गावातील व्यापाऱ्यांनी व शेतकऱ्यांनी तिचे भाग घेतले आणि कित्येकांनी ते मुलाबाळांसाठी ठेवून दिले. १९९७ च्या बोनसपूर्वी ज्यापाशी १०० शेअर होते त्याचे गणित असे होते : एकास दोन बोनसने ३००, १९९९ साली दहा रुपयांच्या भागाचे दोन रुपयांचे पाच भाग झाल्याने १,५००, २००४ च्या बोनसने ४,५००, २००५ च्या बोनसने ९,०००, २०१० च्या तीनास दोन बोनसने १५,०००, २०१७ साली ३०,०००, २०१९ साली ४०,०००, आणि २०२४ साली ८०,०००. हे वाचून बोनस म्हणजे कंपनीने दिलेली देणगी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकास एक बोनस मिळाला की भाव त्याच दिवशी निम्मा होतो, आणि धारकाच्या एकूण संपत्तीत एका रुपयाचीही भर पडत नाही. राखीव निधी भागभांडवलात वर्ग झाला, इतकाच त्याचा जमाखर्च. अमळनेरकर श्रीमंत झाले ते कंपनीचा नफा दशकानुदशके वाढत गेला म्हणून. बोनसने त्या वाढीचे फक्त लहान हिश्शांत वाटप केले. बोनसची घोषणा होताच धावत जाऊन शेअर घेणाऱ्याला हे ठाऊक नसते. हक्कभाग, म्हणजे राइट्स, याहून निराळे. त्यांसाठी पैसे भरावे लागतात, आणि न भरल्यास आपल्या मालकीचा हिस्सा घटतो, म्हणून भाग नको असतील तर तो हक्क मुदतीत बाजारात विकावा. लाभांशासाठी रेकॉर्ड डेट ठरते. त्या दिवशी भाव बहुधा लाभांशाइतका उतरतो, आणि मिळालेला लाभांश २०२० पासून धारकाच्या उत्पन्नात धरून करपात्र होतो. विक्रीवरील नफ्यास एका वर्षाच्या आत वीस टक्के, आणि त्यानंतर सव्वा लाखावरील रकमेस साडेबारा टक्के, असा कर जुलै २०२४ पासून आहे.

मालकीचा शेवटचा प्रश्न वारसाचा. लागोपाठ सात वर्षे लाभांश उचलला गेला नाही, तर तो लाभांश आणि त्यामागील भागही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळतात, परंतु त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज, कंपनीची पडताळणी, आणि धारक हयात नसेल तर वारसाचा दाखला, असा प्रवास करावा लागतो. गेल्या पिढीतील वडिलांच्या पेटीत जुन्या कंपन्यांची कागदी प्रमाणपत्रे सापडलेल्या घरांनी ती रद्दी न समजता कंपनीचे आजचे नाव शोधून तिच्या शेअर रजिस्ट्रारकडे चौकशी करावी. डीमॅट खात्यास आता दहापर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नोंदविता येतात. परंतु नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने भाग ताब्यात घेते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मधील निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करून ठेवावे, आणि खाते कोणत्या डिपॉझिटरीत, कोणत्या दलालाकडे आहे, हे घरातील निदान एका माणसास लेखी कळवून ठेवावे.